निर्जन किनारा नावाची थाप

गेल्या फेब्रुवारीत लक्षद्वीपमधल्या तिन्नकरा बेटावर मी एक रील काढली. सव्वीस सेकंदांची. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, मागे माडांची रांग आणि वाळूवर फक्त माझ्या पावलांचे ठसे. कॅप्शन टाकलं, ‘इथे कोणीच नाही.’ मी काही इन्फ्लुएन्सर नाही. पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचा कोड लिहितो. एरवी माझ्या रील्स मावसभावंडं सोडून कोणी बघत नाही. ही मात्र चालली. अनोळखी लोकांनी शेअर केली, सेव्ह केली, खाली विचारलं, ‘भाऊ, लोकेशन?’, ‘परमिट कसं काढलं?’, ‘खर्च किती आला?’ दोन दिवस मी हौसेनं उत्तरं देत बसलो होतो.

ते कॅप्शन खोटं होतं. त्या वेळी तिथे मला धरून अकरा माणसं होती. आमच्या ग्रुपमधले बाकीचे सहा जण कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून ‘आटप लवकर’ म्हणून ओरडत होते. त्यांचा आवाज मी नंतर म्युझिक टाकून घालवला. दोन पोरं बोटीपाशी होती. एक जण आमच्या जेवणासाठी मासे भाजायच्या तयारीत होता. अकरावा माणूस म्हणजे आमचा बोटवाला. तो फ्रेमच्या अगदी मधोमध, एका माडाच्या बुंध्याला हात लावून वर बघत उभा होता. मी हाक मारली, "भैया, ज़रा साइड में हो जाओगे? फ्रेम में आ रहे हो." तो हसला आणि बाजूला झाला.

तो वर काय बघत होता ते त्यानं परतताना बोटीत सांगितलं. ते माड त्याच्या आईच्या घराण्याचे होते. लक्षद्वीपचा समाज जवळजवळ सगळा मुस्लिम, पण तिथे घराण्याची मालमत्ता परंपरेनं आईकडून पुढे जाते. अशा घराण्याला ते लोक तरवाड म्हणतात. तिन्नकरावर गाव नाही, हे खरं. पण शेजारच्या अगत्ती बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे नारळ उतरवायला आणि मासेमारीला येत आली आहेत. आम्हाला आणलंच आहे तर माडांवर नजर टाकून घ्यावी, एवढंच तो करत होता.

म्हणजे मी एका माणसाला त्याच्याच माडाखालून बाजूला व्हायला सांगितलं, आणि मग जगाला सांगितलं की इथे कोणीच नाही.

हा लेख माझ्याविरुद्ध आहे आणि माझ्यासारख्या सगळ्यांविरुद्ध आहे. ‘निर्जन’, ‘अस्पर्श’, ‘व्हर्जिन’, ‘हिडन’ हे शब्द आपण किनाऱ्याला चिकटवतो तेव्हा वर्णन करत नसतो. तिथल्या माणसांना आपण बाजूला सारत असतो. आणि जी जागा कोणाचीच नाही असं एकदा ठरलं, ती मग कोणालाही देता येते.

मामाचा दर्या

मला हे कळायला हवं होतं, कारण कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला मी उभा राहिलेलो आहे.

माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या खाली, समुद्राला लागून. लहानपणीच्या मे महिन्यांत मी तिथे रापण ओढली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: होडीतून अर्धगोल करून लांबलचक जाळं पाण्यात सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. चाळीस-पन्नास माणसं लागतात. जो दोराला हात लावेल त्याला वाटा मिळतो, मग तो दहा वर्षांचा भाचा का असेना. त्या किनाऱ्याचा प्रत्येक तुकडा कामाचा आहे. इथे होड्या ओढायच्या, इथे जाळी वाळवायची, इथे मासळी सुकवायची. कोणता तुकडा कोणाचा हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्या गावाला पाठ आहे.

काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या फाट्यावर एक बोर्ड लागला: ‘व्हर्जिन बीच, २ कि.मी.’ पहाटे पन्नास माणसं जिथे घामाघूम होतात तो किनारा व्हर्जिन! पाटी रंगवणाऱ्याला ते दिसलं नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाला ते दिसायला नको होतं.

मग गिऱ्हाईक आलं. एका सकाळी प्री-वेडिंग शूटसाठी एक जोडपं आणि त्यांची पाच-सहा जणांची टीम आली. मामीनं खारवलेले बांगडे सुकत घातले होते. त्यांच्यातला एक जण अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, हे तासभर हलवता येईल का? वासही येतोय आणि फोटोत पण दिसतंय." मामीनं काही न बोलता बांगडे गोळा केले. मामा मात्र त्याच्याकडे बघून म्हणाला, "मी कधी तुमच्या हापिसात येवन तुमका बाजूक व्हा म्हटलंय?" तो मुलगा हसला. त्याला वाटलं मामा गंमत करतोय. मला तेव्हा इतका संताप आला होता की पुण्यात परतल्यावरही आठवडाभर मी रूममेट्सना तोच किस्सा ऐकवत होतो.

त्यानंतर पाच वर्षांनी तिन्नकराला मी तेच वाक्य बोललो. फक्त हिंदीत, आणि ‘भैया’ लावून.

मजा म्हणजे बोटवाल्याच्या गावातही किनारा सुकवण्याच्याच कामी येतो. टूना मासा उकडून, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरून, मग उन्हात दगडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. त्याला मासमीन म्हणतात. फ्रीज नसताना महिनोन्‌महिने मासा टिकवायची ही युक्ती आहे. मी तिथे चाललो तेव्हा वास आला. मी काय केलं असेल? कॅमेरा दुसरीकडे वळवला.

रिकामी बेटं, दाटीवाटीची माणसं

आता जरा आकडे. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं, त्यांतली वस्तीची १०. सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर आहे, यावरून अंदाज घ्या. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ होती. भागाकार केला तर चौरस किलोमीटरमागे दोन हजारांहून जास्त माणसं. देशाची सरासरी त्याच जनगणनेत ३८२ होती. ज्याला आपण ‘रिकामा स्वर्ग’ म्हणतो तो देशातल्या दाट वस्तीच्या प्रदेशांपैकी आहे. एवढी माणसं राहूनही तो रिकामा, स्वच्छ आणि शांत दिसतो. तसा तो कोणी ठेवला, हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

जानेवारी २०२४ आठवतोय? पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर अपमानकारक लिहिलं, त्यांना निलंबित व्हावं लागलं, आणि आठवडाभरात आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मालदीवला उत्तर: लक्षद्वीप’ सुरू झालं. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही झालं. खरं सांगायचं तर माझी ट्रिप तिथेच ठरली.

पण ही तुलना कागदावरही टिकत नाही. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत आणि जमीन साधारण ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे लक्षद्वीपच्या नऊ-दहा पट. तिथलं पर्यटन मुख्यतः ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या पद्धतीनं वाढलं. आख्खं बेट हॉटेलला, गावं दुसऱ्या बेटांवर. २०२४ मध्ये तिथे वीस लाखांहून जास्त पर्यटक गेले. लक्षद्वीपकडे सोडून द्यायला अशी शेकडो बेटं नाहीत. ज्या बेटांवर गाव नाही तिथेही कोणाचे तरी माड आहेत, कोणाची तरी मासेमारीची जागा आहे. ‘भारताचं मालदीव’ म्हणताना आपण नक्की कोणाला हलवायला सांगतोय?

हा प्रश्न हवेतला नाही. २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवरच्या मच्छीमारांच्या शेड पाडल्या गेल्या. जाळी आणि सामान ठेवायच्या साध्या शेड. किनारपट्टीच्या नियमांत बसत नाहीत, हे कारण. त्याच वर्षी विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला. विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे मोठे अधिकार त्यात होते, आणि बेटांवर आणि केरळात त्याला जोरदार विरोध झाला. पुढे बंगारम आणि तिन्नकरा या बेटांवर पर्यटकांसाठी तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या. मच्छीमाराची शेड किनाऱ्याला खुपते आणि पर्यटकाचा तंबू शोभतो, हे गणित कसं जुळतं? ते एकाच ठिकाणी जुळतं: फोटोत.

तिथे ‘पंडारम’ नावाचा जमिनीचा एक प्रकार आहे. पूर्वी कण्णूरच्या अरक्कल घराण्याची सत्ता होती, तेव्हाची ही सरकारी मालकीची जमीन. ती बेटावरच्या लोकांना कसायला दिलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी माड लावले, वाढवले. पण कागदावर मालकी सरकारची, म्हणून आता ती कोणाची यावर वाद पेटलेला आहे. अशा ठिकाणी ‘इथे कोणीच नाही’ असं लिहिलेली रील म्हणजे नुसती रील राहत नाही. वादातल्या एका बाजूनं दिलेली ती साक्ष असते. मी ती साक्ष सव्वीस सेकंदांत, म्युझिकसकट दिली.

सर्व्हरला विचारा

आता माझ्या धंद्यातलं बोलतो, कारण तिथे मला थोडंफार कळतं.

अगत्तीला विहिरीचं पाणी प्यायलो तर ते गोडं लागलं. चारही बाजूंना समुद्र, बेटाची रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की दोन्ही किनारे एकाच वेळी दिसतात, मग गोडं पाणी येतं कुठून? पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूतून झिरपतं आणि खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी जरासं हलकं, खारं जरासं जड. त्यामुळे भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा थर तयार होतो. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी जितकं असेल त्याच्या साधारण चाळीस पट ते पातळीच्या खाली असतं. ऐकायला छान. पण हेच उलटं वाचा: वरची पातळी एक वीत उतरली की खालून चाळीस विती खारं पाणी वर सरकायला लागतं. पंप लावून भराभरा उपसलं तर विहीर खारी होते आणि पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात.

कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. समुद्राच्या वरच्या थरातलं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्यानं ती वाफ थंडावायची, अशी त्यामागची कल्पना. आपल्याच शास्त्रज्ञांनी उभारलेला, अभिमान वाटावा असा प्रकल्प आहे. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. कवरत्तीची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर. म्हणजे डोई नऊ लिटर. माझी तिथली एक अंघोळ त्याहून मोठी होती.

कोणतीही सिस्टीम लाइव्ह करण्याआधी आम्ही लोड टेस्ट करतो. एका वेळी किती रिक्वेस्ट झेपतील ते बघतो आणि त्याहून जास्त आल्या तर दारातच थांबवतो. याला रेट लिमिटिंग म्हणतात. युजर चिडतो, ‘ट्राय अगेन लेटर’ बघून शिव्या देतो. पण ते नसतं तर सर्व्हर पडला असता आणि कोणालाच काही मिळालं नसतं. लक्षद्वीपचं परमिट हे तेच आहे. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्याला परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. बेटावरच्या ९४ टक्क्यांहून जास्त लोकांची नोंद अनुसूचित जमातींत आहे आणि त्यांच्या संरक्षणासाठी हा निर्बंध आहे. आपल्या पिढीला तो ‘बाबूगिरी’ वाटतो. ‘आपल्याच देशात जायला परवानगी कशाला?’ हे वाक्य मीही फॉर्म भरताना म्हटलं होतं. पण ज्या रिकाम्या वाळूचा व्हिडिओ मी काढला, ती रिकामी होती त्या फॉर्ममुळेच. फॉर्म हटवा आणि वाळू रिकामीच राहू दे, असं दोन्ही मागता येत नाही.

आणि हा सर्व्हर आधीच तापलेला आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचं तापमान वाढून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. १९९८ ते २०२२ एवढा दीर्घ काळ अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या प्रवाळांवर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासकांना जिवंत प्रवाळाचं आच्छादन साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. प्रवाळ गेला की लाट थेट किनाऱ्यावर येते, वाळू वाहून जाते. बंगारम आणि तिन्नकरा ज्या खाजणात आहेत, त्याच खाजणात परळी-१ नावाचं एक बेट होतं. १९६८ मध्ये ते तीन हेक्टरांच्या आसपास होतं. आता नाही. तीन हेक्टर म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, आमच्या आयटी पार्कचं पार्किंग असेल तेवढं. पण तिथे एक आख्खं बेट होतं.

माझ्या ट्रिपनं परळी बुडालं असं मी म्हणत नाही. तापमानवाढीचं पाप मोठं आहे, त्यात वाटेकरी सगळं जग आहे. पण जो सर्व्हर तापलाय त्याच्यावर आपण नवा ट्रॅफिक सोडत नाही, एवढं तर फ्रेशरलाही शिकवतात.

थायलंडनं काय केलं

हे नुसतं भाबडं बोलणं आहे असं वाटत असेल तर थायलंडचं माया बे बघा. फी फी ले बेटावरचा छोटासा किनारा, तीन बाजूंनी उंच कडे. २००० साली लिओनार्डो डिकॅप्रियोचा ‘द बीच’ आला. जगापासून लपलेल्या एका गुप्त किनाऱ्याची गोष्ट. सिनेमा पाहून सगळं जग तो गुप्त किनारा बघायला आलं. पुढे दिवसाला हजारो माणसं आणि शेकडो बोटी येऊ लागल्या. नांगरांनी प्रवाळ मोडला. शेवटी जून २०१८ मध्ये सरकारनं किनाऱ्याला टाळं लावलं. सुरुवातीला चार महिन्यांसाठी म्हणाले, उघडला जानेवारी २०२२ मध्ये. त्या काळात प्रवाळाची रोपं लावली गेली आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. आता बोटींना खाडीत यायला बंदी आहे, माणसं बेटाच्या मागच्या बाजूनं येतात, संख्येवर मर्यादा आहे, आणि दर वर्षी काही काळ किनारा बंद ठेवतात. त्याच वर्षी, २०१८ मध्ये, फिलिपिन्सनं बोराकाय हे आख्खं बेट सहा महिने बंद केलं होतं.

थायलंडला जे उद्ध्वस्त झाल्यावर, साडेतीन वर्षं टाळं लावून शिकावं लागलं, ते लक्षद्वीपकडे आधीपासून आहे. आणि आपण ते काढून टाका म्हणतोय.

‘मग काय जायचंच नाही?’

हा लेख लिहिताना मित्रांना वाचायला दिला. तिघांनी तीन आक्षेप घेतले आणि तिन्ही घेण्यासारखे आहेत.

पहिला: ‘तू जाऊन आलास, आणि आता आम्हाला नको म्हणतोस.’ नाही. जा. फॉर्म भरा, नंबर लागेपर्यंत थांबा, जहाजाचं तिकीट मिळालं नाही तर पुढच्या वर्षी जा. मी रांगेत उभा राहून गेलो, तुम्हीही जा. रांग मोडायला मात्र सांगू नका.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार: ‘तिथल्या लोकांना रोजगार नको का? त्यांनी काय जन्मभर तुझ्या फोटोसाठी मासेच सुकवायचे?’ हे मी बोटवाल्याला विचारलं होतं. त्याला पर्यटक हवे आहेत. साफ सांगितलं त्यानं. पण पाठोपाठ तो जे बोलला ते कुठल्याच रीलमध्ये मी ऐकलेलं नाही. तो म्हणाला, बोट आमची पाहिजे, खोल्या आमच्या घरातल्या पाहिजेत. बाहेरची कंपनी येऊन तंबू ठोकणार आणि आम्ही तिथे भांडी घासणार, तर तो रोजगार आमचा नाही. आणि मग म्हणाला, आईला तपासायला कोचीला नेलं होतं, परत यायला जहाजाचं तिकीट मिळेना, चार दिवस लॉजवर पडून होतो. बेटावर गंभीर आजारी पडलं तर आजही मुख्य भूमीवर न्यावं लागतं. तिथल्या माणसाला विकास हवाच आहे. पण त्याची यादी दवाखान्यापासून आणि जहाजापासून सुरू होते. आपली यादी बीच शॅकपासून सुरू होते, आणि तिला आपण त्याच्या विकासाचं नाव देतो. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीनंही बेटांवरची विकासकामं तिथल्या निवडून आलेल्या स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करूनच व्हावीत, असं सांगितलं होतं. मागणी काही क्रांतिकारक नाही. घरात फर्निचर आणायच्या आधी घरच्यांना विचारा, एवढीच आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा. माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘अरे, आम्ही थकलोय. टू बीएचकेत चौघी राहतो, रात्री अकराला कॉल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास. वर्षातून चार दिवस कोणी माणूस दिसू नये असं वाटलं तर तो गुन्हा आहे का?’

गुन्हा नाही. मीही याच थकव्यानं तिकडे गेलो होतो. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला मामाच्या किनाऱ्यावर सापडतं. रापण ओढून झाली, वाटे झाले की मामा होडीच्या सावलीत एकटा बसून विडी ओढतो. समोर दर्या, आजूबाजूला चाळीस माणसं आपापल्या कामात. त्याच्याशी कोणी बोलत नाही, तो कोणाशी बोलत नाही. तो एकांत आहे. एकांत मिळवायला दुसऱ्याला हलवावं लागत नाही. निर्जन जागा हवी असेल तर मात्र कोणालातरी जावंच लागतं, आणि जो जातो तो आपल्यापैकी कधीच नसतो. शिवाय आपल्याला थकवलं कोणी? शहरानं, ऑफिसनं, भाड्यानं. भांडायचं त्यांच्याशी आहे. ते जमत नाही म्हणून आपण दीड हजार किलोमीटर जाऊन एका बोटवाल्याला बाजूला व्हायला सांगतो.

फोटो पाठवशील?

मला वाटतं सुरुवात शब्दांपासून करावी. कोणत्याही किनाऱ्याला ‘व्हर्जिन’ आणि ‘निर्जन’ म्हणणं बंद करूया, मग तो लक्षद्वीपचा असो नाहीतर वेंगुर्ल्याचा. ‘लोकेशन?’ विचारणाऱ्याला पिन टाकण्याआधी तिथे कोण राहतं, काय करतं ते दोन ओळी लिहूया. राहायचंच तर तिथल्या घरात राहूया. आणि परमिटविरुद्धची पोस्ट फॉरवर्ड करायच्या आधी हा विचार करूया की त्या रांगेचा फायदा आपल्यालाच मिळालाय.

बाकी माझ्या रीलचं सांगायचं राहिलं. अगत्तीला उतरताना बोटवाल्यानं त्याचा नंबर दिला होता. म्हणाला, "फोटो भेजना भाई, घर में दिखाऊंगा." पुण्याला आल्यावर मी फोन चाळला. चार दिवसांचे २१४ फोटो आणि ३१ व्हिडिओ होते. त्याच्या बोटीत आम्ही दोन दिवस बसलो होतो, त्याच्या हातचं नारळपाणी प्यायलो होतो. तो एकाही फोटोत नव्हता. एका व्हिडिओच्या सुरुवातीला, मी ‘साइड में’ म्हणायच्या आधी, अर्धा सेकंद त्याचा माडावर ठेवलेला हात दिसतो. रील करताना मी तेवढा भाग कापला होता.

तो अर्धा सेकंद मी त्याला पाठवला नाही. काय म्हणून पाठवणार? रीलचं कॅप्शन मात्र बदललं. आता तिथे लिहिलंय, ‘तिन्नकरा. हे माड अगत्तीच्या एका घराण्याचे आहेत. त्यांच्या परवानगीशिवाय काढलेला व्हिडिओ.’ त्यानंतर एकानंही लोकेशन विचारलेलं नाही.